झुलूपरावांची मिशीवाली फुलं

झुलूपरावांनी सलूनमधल्या टॉवेलांच्या कपाटात मातीचा ट्रे ठेवला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. पॅन्झी या फुलझाडाच्या बियांना उगवायला अंधार लागतो, असं बियांच्या पाकिटावर छापलेलं होतं. आता सलूनमध्ये अंधार आणायचा कुठून? तिन्ही भिंतींना आरसे, एका बल्बचे दहा बल्ब दिसायचे. अंधार म्हणावा अशी जागा त्या कपाटातच होती. कामगिरी फत्ते झाल्याच्या आनंदात ते हात झटकत खुर्चीत बसले. टॉवेल आतच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, निवृत्त हेडमास्तरांच्या तोंडाला साबणाचा फेस लावून झाल्यावर.

"पुसा," हेडमास्तर डोळे मिटून म्हणाले.

झुलूपरावांनी कपाटाकडे पाहिलं, खिशातल्या किल्लीला हात लावला आणि मनावर दगड ठेवून हात काढून घेतला. उजेडाची एक तिरीप आत गेली की संपलं. शेवटी घर मागेच होतं म्हणून त्यांनी बायकोला हाक मारली, आणि तिने जे हाताला लागलं ते दिलं. हेडमास्तरांची दाढी त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्याने पुसली गेली. पडदा धुतलेला होता, पण हेडमास्तर हे हेडमास्तर होते. त्यांनी पडद्याचं टोक धरून त्यावरची छापील बदकं एकेक करून पाहिली आणि ते निघून गेले.

झुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तरुणपणी त्यांच्या कपाळावर एक झुलूप यायचं, आणि ते फुंकर मारून मागे सारायची त्यांची लकब गल्लीत प्रसिद्ध होती. झुलूप केव्हाच गेलं, त्याच्यामागून बाकीचेही केस गेले, नाव मात्र राहिलं. टक्कल पडलेला न्हावी लोकांना केस राखण्याचे उपाय सांगतो, याचं कुणाला हसू येत नसे, कारण माणूस बोलघेवडा होता आणि त्याचा हात चांगला होता.

पण हात चांगला असून भागत नाही, हे समोर काचेच्या दाराचं पार्लर उघडल्यापासून त्यांना कळायला लागलं होतं. आत गार हवा, बारीक आवाजात गाणी, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या मोठ्या कुंड्या. पार्लरवाली मुलगी स्वभावाने गोड होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. भांडायला जागाच नव्हती. झुलूपरावांच्या सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या. पहिलीवर ते काम करत, दुसरी गर्दीच्या वेळेसाठी होती आणि गर्दी रस्ता ओलांडून गेली होती. तिसऱ्या खुर्चीवर चादर घातलेली असे.

तिसरी खुर्ची आबांची, म्हणजे झुलूपरावांच्या वडिलांची. अख्ख्या गल्लीची डोकी आबांच्या हाताखालून गेली होती. मग हात थरथरायला लागला. एक दिवस दवाखान्यातल्या डॉक्टरांची मिशी सारखी करताना उजवी बाजू जरा आखूड झाली, म्हणून आबांनी डावी आखूड केली, मग डावी जास्त झाली म्हणून पुन्हा उजवी, आणि अशी न्यायनिवाड्याने मिशी संपली. डॉक्टर सज्जन. "केस काय, परत येतात," म्हणाले. केस परत आले, डॉक्टर आले नाहीत. "रेक्झिन फाटलंय, खुर्ची शिवायला टाकायची आहे," एवढंच पुटपुटून झुलूपरावांनी खुर्चीवर चादर घातली. रेक्झिन कुठेही फाटलेलं नव्हतं. आबांनी खुर्चीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आपली छोटी कात्री सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हापासून ते तिथेच होते. झुलूपरावांना हे आठवलं की आजही जेवण जात नसे, पण आठवायचं नाही असं ठरवलं की जात असे.

अशा दिवसांत मेहुण्याने पॅन्झीचं पाकीट आणून दिलं. पाकिटावरचं चित्र पाहून झुलूपराव जागच्या जागी थबकले. जांभळं-पिवळं फूल, त्याला चक्क तोंड, आणि तोंडावर दोन्ही बाजूंना काळ्या रेघांच्या झुपकेदार मिश्या. इतर फुलं सुंदर असतील, पण हे फूल थेट दाढीला आलेल्या गिऱ्हाइकासारखं बघत होतं. सलूनच्या दारात हेच शोभणार, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. पायरीच्या कडेने विटा लावून एक लांब वाफा करायचा, आणि जुन्या पत्र्याच्या डब्यांत, चीर गेलेल्या बेसिनमध्ये, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत कुंड्या. समोरच्या दोन कुंड्यांना आपल्या अकरा.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत झाली. पाकिटावर लिहिलं होतं की बिया आधी काही दिवस थंड ठेवाव्यात, म्हणून त्यांनी त्या फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यात ठेवल्या आणि कुणाला सांगितलं नाही. बायकोने त्या सगळ्यांच्या पावाला लावल्या असत्या, केवळ दाताखाली पहिली कचकच तिच्या स्वतःच्याच आली म्हणून उरलेल्या वाचल्या. कपाटाचं आणि पडद्याचं तर झालंच. त्यानंतर चादरी आल्या, टेबलक्लॉथ आला, एका बिचाऱ्या पोस्टमनने उशीच्या अभ्र्याला तोंड पुसलं.

कपाट एकदाचं उघडलं तेव्हा मात्र काळ्या मातीवर हिरव्या ठिपक्यांची दाटी झाली होती. झुलूपरावांना भरून आलं. त्यांनी आबांना हात धरून आत आणलं आणि दाखवलं. आबा खाली वाकले आणि म्हणाले, "दाट आहे. विरळ करावं लागेल."

पुढची भानगड फवाऱ्याच्या बाटलीने केली. केस ओले करायची एक बाटली आणि रोपांना खताचं पाणी मारायची दुसरी, दोन्ही एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच रंगाच्या. शनिवारी हेडमास्तर नेहमीप्रमाणे आले, कारण रागावले तरी वेळ पाळणारा माणूस. झुलूपरावांनी रोपांची प्रगती सांगता सांगता त्यांच्या डोक्यावर भरपूर फवारा मारला. थोड्या वेळाने हेडमास्तरांनी नाक वर केलं. मग झुलूपरावांनी केलं. मग बाहेर बाकावर आबांनीही केलं. हेडमास्तर अर्धवट कापलेल्या केसांनी उठले आणि सरळ समोरच्या काचेच्या दारात शिरले. गल्लीतलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक गेलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे तर वासाचंच कारण झालं.

हेडमास्तर दोन शनिवारांनी परतले. पार्लरमध्ये गाणी लावतात आणि माणसाला मुद्दा पूर्ण करू देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. शिवाय पॅन्झीचं पुढे काय झालं, ही उत्सुकता त्यांनी लपवायचा प्रयत्न केला आणि ती लपली नाही.

तोवर रोपं वाफ्यात आणि डब्याबादल्यांत लागली होती, धरलीही होती. पाकिटावरची बारीक अक्षरं आबांना दिसत नसत, म्हणून झुलूपरावांनी पुढची सूचना त्यांना बाकावर बसून मोठ्याने वाचून दाखवली. पहिल्या कळ्या खुडून टाकाव्यात, म्हणजे झाड भरदार होतं, अशी ती सूचना होती.

"कशाने खुडायच्या?" आबांनी विचारलं.

"नखाने, म्हणतायत."

"नखाने," आबा म्हणाले. घरात कात्री असताना नख लावणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं काय मत आहे, ते त्या एका शब्दात आलं.

पहिल्या कळ्या झुलूपरावांनी जड मनाने स्वतः खुडल्या. नंतरच्या कळ्या फुलतील म्हणून त्यांनी दुकानाच्या काचेवर 'लवकरच फुलत आहे' अशी पाटी लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. कोणत्या डब्यात तांबूस येणार, कुठे पांढरं, कुठे जवळजवळ काळं, हे हातवारे करून दाखवलं. झाडं खरोखरच भरदार झाली. गोल, गुबगुबीत, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. फूल मात्र एकही नाही. कळी दिसायची, झुलूपराव खूश होऊन बायकोला बोलवायला जायचे, आणि परत येईतो कळी गायब.

लोक विचारायला लागले. आधी कौतुकाने, मग गमतीने. पोस्टमन पत्र नसलं तरी डोकावून "आज?" म्हणायचा. पार्लरवाली एकदा रस्ता ओलांडून आली, वाफ्याकडे पाहून म्हणाली, "काका, हिरवळ छान आहे हं." तिच्या मनात काही नव्हतं, पण झुलूपरावांना ते वाक्य रात्रीपर्यंत पुरलं. पाटीतला 'लवकरच' आता गल्लीभर थट्टेचा विषय झाला होता, आणि ज्या माणसाला दारात एक फूल आणता येत नाही, त्याच्या हातात डोकं कोण देणार?

त्यांनी आधी गोगलगायींवर संशय घेतला, मग शाळेतून येणाऱ्या पोरांवर, शेवटी पार्लरवालीवर. शेवटचा संशय त्यांना बोलून दाखवायचा नव्हता, पण न बोलता राहणाऱ्यांतले ते नव्हतेच. ते समोर गेले आणि आडवळणाने म्हणाले की हल्ली काही लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

मुलगी दुखावली. "काका, माझ्या कुंड्यांतली फुलं प्लास्टिकची आहेत," ती म्हणाली. "मला फुलांतलं काही कळत नाही. तुमच्या झाडांजवळ दिवसभर एकच माणूस असतो. त्यांना विचारा."

"ते माझे वडील आहेत. पहारा द्यायला मीच बसवलंय त्यांना."

हे खरं होतं. आठवड्यापूर्वीच त्यांनी आबांना विनवलं होतं, आबा, झाडांवर नजर ठेवा. "ठेवतोच आहे," आबा म्हणाले होते.

शनिवारी हेडमास्तर खुर्चीत होते आणि झुलूपरावांचा वस्तरा त्यांच्या गळ्याशी. न्हाव्याला पाठीमागचं बघायला मान वळवावी लागत नाही, समोर आरसा असतो. आरशात उघडं दार दिसत होतं, दारात बाक आणि बाकावर आबा. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यांचा थरथरता हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि कात्री घेऊन बाहेर आला. चीर गेलेल्या बेसिनमधल्या झाडाची मान त्यांनी दोन बोटांनी हलकेच एका बाजूला कलती केली. कात्री पानांत शिरली आणि हात थांबला. थरथर पार गेली. चुट, चुट. एक कळी वर्तमानपत्रावर पडली, दुसरी पडली. मग आबांनी मान तिरकी करून दोन्ही बाजू सारख्या आहेत का पाहिलं, झाडाच्या मानेवर फुंकर मारली आणि पुढच्या डब्याकडे सरकले.

कुंपणच शेत खात होतं. काखेत कळसा आणि झुलूपराव गावाला वळसा घालून आले होते, तोही भांडत.

"वस्तरा," हेडमास्तर ओठ न हलवता म्हणाले. त्यांनीही आरशात सगळं पाहिलं होतं. "आधी तो बाजूला घ्या, मग काय वाटायचं ते वाटून घ्या."

झुलूपरावांना आधी राग आला, आणि तो बाहेर बाकाशी पोचेपर्यंत टिकलाही. पण आबांच्या चेहऱ्यावर काम करणाऱ्या माणसाचं समाधान होतं. ते इतक्या दिवसांत दिसलेलं नव्हतं. झुलूपरावांचा आवाज खाली आला.

"आबा, पहिल्या कळ्या तेवढ्या काढायच्या होत्या."

"पहिल्याच काढतोय."

"पहिल्या मी कधीच काढल्या."

"त्या काढल्यावर पुढे ज्या आल्या, त्या पहिल्याच ना?" आबांनी शांतपणे विचारलं. "का त्यांच्या आधी कुणी होतं?"

आतून हेडमास्तर म्हणाले की तर्क बिनचूक आहे.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. आबांना थांबवलं नाही तर फुलं येणार नाहीत, दुकानाची शोभा होईल. थांबवलं तर त्यांच्या हातातून कात्री दुसऱ्यांदा काढून घ्यायची, आणि पहिल्यांदा घेतली तीच अजून गिळली जात नव्हती. "मला नाही जमायचं ते," ते म्हणाले. "फुलं नाही आली तर नाही आली."

बायकोने त्यांच्या पानात भात वाढला. सकाळी ती चहाचा कप घेऊन बाकाशी गेली. झुलूपराव दाराआड उभे राहून ऐकत होते.

"आबा, या गिऱ्हाइकांना वाढवायचीय म्हणे," ती झाडांकडे हात करून म्हणाली. "हल्ली सगळे दाढी-मिशा राखतात. फक्त जे सुकेल, गळायला येईल, तेवढंच काढायचं. पण ते रोजच्या रोज, नाहीतर अवकळा येते."

आबांनी कप खाली ठेवला. "राखायची आहे?" ते म्हणाले. "मग आधी सांगायचं. गिऱ्हाइकाला पाहिजे तसं करायचं, आपल्या मनाचं नाही." त्यांनी आतल्या दिशेने मान केली. "याला किती वेळा शिकवलं, आधी विचारावं."

पाकिटाच्या मागेही नेमकं तेच लिहिलेलं निघालं, की सुकलेली फुलं रोज काढली तर पॅन्झी फुलत राहते. झुलूपरावांनी ती ओळ कधी वाचलीच नव्हती, कारण पाकीट फाडल्यावर लावलेल्या चिकटपट्टीखाली ती गेली होती.

आणि मग फुलली. एक फुललं, चार फुलली, आणि एका सकाळी दुकान उघडायला यावं तर वाफाभर, डबेभर, बादल्याभर तोंडं. जांभळी, पिवळी, विटकरी, पांढऱ्यावर निळा डाग असलेली, एक तर खरंच काळं. सगळी मिशाळ, सगळी दुकानाच्या दाराकडे बघत, नंबर लावून बसल्यासारखी. झाडं इतके दिवस छाटून इतकी भरलेली, की पान दिसत नव्हतं. पोस्टमन सायकलवरून उतरला. पार्लरवाली आली, तिच्याकडे झुलूपरावांनी माफी मागितली आणि पुढच्या वर्षीच्या रोपांचा शब्द दिला. लोक फुलं बघायला येत, आबा एकेक सुकलेलं फूल कसं टिपतात ते बघत बसत, आणि बसल्या बसल्या आपलेही केस वाढलेत हे त्यांच्या लक्षात येई. दुसरी खुर्ची चालू झाली.

पुढच्या शनिवारी डॉक्टर रस्ता ओलांडून आले. मिशी पुन्हा पूर्वीसारखी झुपकेदार झाली होती. ते बराच वेळ आबांचा हात बघत उभे राहिले.

"आबा, मिशी खालून जरा सारखी करायची आहे."

आबा लगेच उठले नाहीत. "खुर्ची शिवायला टाकलीय," ते म्हणाले.

डॉक्टर आत गेले, त्यांनी तिसऱ्या खुर्चीवरची चादर उचलली आणि रेक्झिनवरून हात फिरवला. "शिवून आली वाटतं," म्हणाले आणि बसले.

झुलूपराव तेव्हा हेडमास्तरांचे केस कापत होते. नजर मात्र तिसऱ्या खुर्चीच्या आरशात होती. आरशात आबांचा हात वर आला, थरथरत. कात्री मिशीपाशी आली. कात्री केसांत शिरली आणि हात थांबला, बेसिनमधल्या झाडाशी थांबायचा तसाच. चुट, चुट. उजवीकडे, मग डावीकडे. डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटले होते. आबांनी मान तिरकी करून पाहिलं, फुंकर मारली आणि मागे सरले. मिशी होती. दोन्ही बाजूंनी होती, आणि सारखी होती. झुलूपरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते लपवलंही नाही.

"माझा डावा कल्ला," हेडमास्तर अगदी हळू म्हणाले, "कुठे आहे?"

सगळ्यांनी पाहिलं. कल्ला हेडमास्तरांच्या खांद्यावर होता. झुलूपरावांच्या हातातली कात्री अजून तिथेच, हवेत, थरथरत होती.

आबा पहिल्या खुर्चीपाशी आले. त्यांनी मुलाच्या हातातून कात्री काढून घेतली, रागाने नाही, अगदी अलगद. "तू बाहेर जाऊन बस जरा," ते म्हणाले. मग खुर्चीच्या पाठीवर बोट आपटून पाहिलं. "ही शिवायला टाकायची वेळ झालीय."

झुलूपराव बाहेर बाकावर येऊन बसले. ऊन छान होतं. समोर सगळी मिशाळ तोंडं त्यांच्याकडेच बघत होती. रंगाच्या बादलीतल्या झाडातून एक कळी बोटभर वर आली होती, बाकीच्यांची ओळ सोडून. त्यांनी दाराकडे एकदा वळून पाहिलं. आबा पाठमोरे होते, हेडमास्तरांचा उजवा कल्ला डाव्याच्या बरोबरीला आणण्यात गढलेले. झुलूपरावांची दोन बोटं आपोआप कळीकडे गेली.

आतून, मान न वळवता, आबांचा आवाज आला.

"ती पहिली नाही. राहू दे."